ओळखीच्या रस्त्यावरची अनोळखी सावली

अतिवास्तववादी चित्र म्हटले, की वितळणारी घड्याळे आणि न उलगडणारी दुर्बोधता, असाच समज रूढ आहे. साल्वादोर दाली यांच्या १९३१ मधील गाजलेल्या चित्राने तो अधिकच पक्का केला. वास्तविक या परंपरेतील अनेक चित्रांत वस्तू साध्याच असतात. रस्ता, कमानी, खेळाडू, सारे ओळखीचे. बिघडवलेले असते ते त्यांचे परस्परांशी असलेले नाते.

आंद्रे ब्रेतों यांचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी दहा वर्षे जॉर्जिओ दे किरिको यांनी ‘मिस्टरी अँड मेलन्कली ऑफ अ स्ट्रीट’ रंगवले होते. ओस रस्ता, कमानींच्या इमारती आणि चाक पळवत निघालेली एक मुलगी. आपल्याकडे मुले सायकलची रिम पळवतात, तसाच हा खेळ. मग भीती कशाची वाटते? समोर एक लांब सावली पडली आहे. ती कोणाची, हे दिसत नाही. शिवाय दोन्ही इमारतींच्या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. ही विसंगती डोळ्यांना चटकन उमगत नाही, मनाला मात्र खटकत राहते.

किरिकोंच्या चित्राने भारावलेल्या रेने माग्रित यांनी १९२७ मध्ये ‘द सिक्रेट प्लेअर’ रंगवले. पांढऱ्या पोशाखातील, बॅट घेतलेले दोन खेळाडू. क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला ते आपलेच वाटावेत. पण भोवती झाडांच्या जागी कठड्याचे अवाढव्य खांब आणि वर हवेत तरंगणारे काळे समुद्री कासव!

हे तंत्र कोठेही लावून पाहता येते. मेढ्याचे एसटी स्थानक डोळ्यांपुढे आणावे. भर दुपार, एकही गाडी नाही, प्रवासी नाही आणि फलाटावर सावल्या मात्र संध्याकाळच्या. किंवा यात्रेतील कुस्तीचा आखाडा: लाल माती, भोवती खच्चून गर्दी आणि मधोमध मल्लांऐवजी वाढलेले ताट.

मराठी चित्रकारांपैकी प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) या वाटेच्या जवळून गेले. घड्याळ, पान अशा नित्याच्या वस्तू ते मोकळ्या अवकाशात समोरासमोर ठेवत. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० मध्ये आले. त्यांच्यावर अतिवास्तववादाचा शिक्का मारणे मात्र घाईचे ठरेल.

शहर स्वतःच अनोळखी होऊ लागले, तर चित्रकाराने काय करावे? १९८२ च्या संपानंतर गिरणगावात गिरण्या बंद पडत गेल्या, पुढे मॉल आणि मनोरे उभे राहिले. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करणारे सुधीर पटवर्धन यांनी २००१ मध्ये ‘लोअर परळ’ रंगवले. येथे कासव नाही, गूढ सावलीही नाही. एका जागी उभे राहून कधीच दिसणार नाही, असा तो परिसर त्यांनी अनेक दृष्टिकोनांतून एकाच कॅनव्हासवर जोडला आहे.