एकच माइक, एक चर्च
रेकॉर्डिंग म्हटलं की प्रत्येक वाद्याला वेगळा माइक, अशी आपली समजूत. कॅनडातल्या ‘काउबॉय जंकीज’नं मात्र ‘द ट्रिनिटी सेशन’ हा जवळजवळ अख्खा अल्बम २७ नोव्हेंबर १९८७ला, टोरांटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये, एकाच माइकवर केला. चर्च मिळावं म्हणून नाव सांगितलं ‘टिमिन्स फॅमिली सिंगर्स’ आणि निमित्त नाताळच्या कार्यक्रमाचं! (मार्गो, मायकेल, पीटर ही खरोखरच टिमिन्स भावंडं; तेव्हा अगदीच थाप नव्हे.)

एकच माइक म्हणजे मागाहून कुणाचा आवाज वाढवता-घटवता येत नाही. म्हणून निर्माता पीटर मूर वादकांनाच पुढे-मागे सरकवत राहिला. तोल जमेपर्यंत कित्येक तास गेले. मार्गोचा गळा अगदी हळुवार. तो स्पीकरवर घेऊन, स्पीकरचा आवाज माइकनं टिपला. उंच छताखालचा घुमारा आपोआप मिसळला. हँक विल्यम्सचं जुनं कंट्री गाणं इथं इतकं संथ होतं, की मला दोन ओळींमधली शांतताच जास्त ऐकू येते. हा घुमारा यंत्रातून काढता येतो म्हणतात. मला नाही पटत.

२००७मध्ये पाहुणे गायक घेऊन त्याच चर्चमधलं ‘ट्रिनिटी रीव्हिजिटेड’ आलं. चांगलं आहे. मी लावतो ते मात्र पहिलंच, आणि तेही रात्री, रस्त्यावरची वाहनं थांबल्यावर.