टाळी वाजवा, खोली ऐका!

ऑफिस अंधेरीला, घर वसईला आणि स्वप्न? बेडरूममध्ये स्वतःचा स्टुडिओ! लॅपटॉप होताच. इंटरफेस आणि माइक घेतला. पहिली आर्टिस्टही घरातलीच: ऐंशी पार केलेली आजी. तिला कादोडीतली, म्हणजे आम्हा सामवेदींच्या बोलीतली, लग्नाची गाणी तोंडपाठ. लिहून मात्र एकही ठेवलेलं नाही.

रेकॉर्डिंग ऐकलं आणि आपला पार पोपट झाला. आजी जणू बाथरूममध्ये बसून गात होती! ‘हा माझा आवाज नाही रे,’ ती म्हणाली.

चूक माइकची नव्हती, खोलीची होती. उघड्या भिंती, लादी, खिडकीची काच. आवाज त्यांच्यावर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरत होता. तुम्हीही खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ ऐकू आलं, तर तुमचंही तेच दुखणं.

मित्र म्हणाला, ‘अंड्यांचे ट्रे लाव.’ नका लावू! पातळ पुठ्ठा ढोलकीच्या घुमाऱ्याला अडवत नाही, वर आगीची भीती. आणि फोम लावून विरार लोकलचा आवाज बंद होईल, हेही विसरा. बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी नसलेली खिडकी लागते. फोम फक्त आतला आवाज शोषतो. ही दोन वेगळी कामं आहेत, बॉस.

शोषण्याची आयडिया जुनीच. हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमध्ये शब्द ५.५ सेकंद घुमायचा. १८९५मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. त्याने शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. मग मीही गाद्यांपासूनच सुरुवात केली. आजीच्या मागे दोन गोधड्या, खाली सतरंजी, समोर कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. खर्च शून्य!

नंतर सुताराकडून फ्रेम करून घेतल्या. आत ४ इंच रॉकवूल, वर सुती कापड. (हातमोजे आणि मास्क मस्ट.) बहुतेक फ्रेम कोपऱ्यांत उभ्या केल्या, कारण खर्जाचा आवाज तिथेच साठतो. माझी खोली १० बाय १०. अशा चौकोनी खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही दिशांनी एकदमच फुगतो. आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवून भिंतीपासून थोडी जागाही सोडली. ओल धरत नाही आणि शोषणही वाढतं.

रात्री लोकल थांबल्यावर आजी पुन्हा गायली. हेडफोन लावून तिने शेवटपर्यंत ऐकलं. मी श्वास रोखून उभा.

‘आवाज माझाच,’ ती म्हणाली. ‘पण एक कडवं राहिलं. परत घे.’