'दऱ्या' शोधल्या, सापडला 'दर्या'

मराठी यादी संगणकावर उघडली आणि अक्षरांच्या जागी भलतंच काही दिसलं, तर आधी एक करा: काहीही सेव्ह करू नका. फाईल बंद करा, तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मग जे दिसतंय ते शांतपणे वाचा. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. प्रोग्रॅमिंग शिकले ते मंडळाच्या कपाटातल्या पुस्तकांसाठी. पायथनमध्ये लिहिलेली एक छोटी खिडकी, वर शोधायची चौकट, खाली यादी आणि दोन बटणं, एवढंच ते ॲप. पण ते करताना लक्षात आलं की मराठीसाठी केलेल्या डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या बऱ्याच अडचणी गणिताच्या नसतात, लिपीच्या असतात. त्या सोडवायला आपल्यासारखे व्याकरणात डोकं घालणारे लोक मुळीच वाईट नाहीत.

बिघडलेलं मराठी साधारण तीन रूपांत दिसतं. बाहेरून तिन्ही सारखेच घाबरवतात, पण दुखणी वेगवेगळी.

पहिलं रूप, रिकामे चौकोन. हे सगळ्यात निरुपद्रवी. मजकूर शाबूत आहे, फक्त त्या खिडकीला दिलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. प्रोग्रॅममध्ये देवनागरी असलेल्या फाँटचं नाव द्या, विंडोजवर 'मंगल' किंवा 'निर्मला यूआय' असतोच, की अक्षरं परत येतात.

दुसरं रूप जरा मजेशीर आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मागे चार काड्या फुटलेलं वर्तुळ, मग पुन्हा तोच ए, आणि मधूनच जपानी येनचं चिन्ह. हा कचरा वाटतो, पण त्याला शिस्त आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'मराठी' या शब्दात आपण तीन अक्षरं मोजतो. संगणक म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं मोजतो. आणि फाईलमध्ये पंधरा बाइट पडतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला हे माहीत नसलं तर तो पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेल्या जुन्या तक्त्याप्रमाणे एकेक बाइट सुटा वाचतो आणि पाचाऐवजी पंधरा चिन्हं दाखवतो (त्यातलं एक तर अदृश्यच). देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असतो, म्हणून तो ए पुन्हा पुन्हा येतो. दुसऱ्या बाइटला दोनच पर्याय आहेत: अनुस्वार, क ते ह, काना आणि ऱ्हस्व वेलांटी असेल तर वर्तुळ, दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण असेल तर येन. थोडा सराव झाला की येन बघून 'इथे वेलांटी किंवा उकार असणार' असं ओळखता येतं. सांगायचा मुद्दा, मजकूर गेलेला नाही. तो चुकीच्या तक्त्याने वाचला जातोय.

यावर उपाय एका ओळीचा आहे. पायथनमध्ये फाईल उघडणाऱ्या 'ओपन' या फंक्शनला एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट सांगायचं, वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा. न सांगितल्यास आजवरच्या बहुतेक आवृत्त्या विंडोजवर तोच जुना तक्ता धरतात. गंमत म्हणजे अशा वेळी 'मराठी' हा शब्द कचरा होऊन का होईना पण वाचला जातो, आणि 'विद्यार्थी' आला की प्रोग्रॅम थेट चूक दाखवून थांबतो. कारण पाय मोडायच्या खुणेचा तिसरा बाइट त्या जुन्या तक्त्यात रिकामाच आहे. म्हणजे यादीत पहिलं जोडाक्षर आलं की गाडी रुळावरून उतरते. 'काल चालत होतं, आज काय झालं?' या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं: काल यादीत जोडाक्षर नव्हतं.

तिसरं रूप, प्रश्नचिन्हं. एकामागून एक, शब्दाच्या लांबीइतकी. इथे मात्र हात टेकावे लागतात. कोणीतरी देवनागरी मजकूर त्या जुन्या तक्त्यात लिहायला लावला, तक्त्यात 'म'ला जागा नव्हती, म्हणून प्रोग्रॅमने प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहून दिलं. स्प्रेडशीटमधून सीएसव्ही सेव्ह करताना यूटीएफ-८ न निवडता साधा प्रकार निवडला की हे होतं. दुसऱ्या रूपातून मूळ शब्द परत आणता येतो, तिसऱ्यातून नाही. सुरुवातीला 'सेव्ह करू नका' म्हटलं ते यासाठी.

याशिवाय डीटीपीच्या काळातल्या जुन्या फाईली असतात. त्यांत मुळात देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरं, आणि त्यांवर मराठीचा मुखवटा घालणारा एक खास फाँट. फाँट काढला की मुखवटा गळतो. त्या फाईली तक्ता लावून बदलता येतात, पण ऱ्हस्व वेलांटी तिथे डोळ्याला दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या नंतर, त्यामुळे नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. रफाराची कथा याच्या उलट.

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे येते. आमच्या यादीत सगळं स्वच्छ दिसत होतं. चौकोन नाही, येन नाही. तरीही 'दऱ्या' हा शब्द शीर्षकात असलेलं पुस्तक शोधलं की ॲप म्हणायचं, नाही. पुस्तक कपाटात, नोंद यादीत, शब्द डोळ्यांसमोर, आणि उत्तर 'नाही'. ही अडचण कचऱ्यापेक्षा वाईट, कारण कचरा निदान दिसतो. इथे विचारणारा मुकाट्याने परत जातो आणि पुस्तक आपल्याकडे नाहीच असं धरून चालतो.

कारण मराठीच्या खास जागी आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यास वंदन करतात, आचाऱ्यास जेवणाचं सांगतात. रफार आणि ऱ्य यांतला हा फरक आपण कानाने पाळतो. युनिकोडमध्ये हा 'ऱ्य' निदान तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग पाय मोडायची खूण, मग य. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग तीच खूण आणि य. तीन, साधा र, पाय मोडायची खूण, त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक, मग य. पडद्यावर तिन्ही हुबेहूब. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर कुठला प्रकार उमटणार ते ठरतं. आमची यादी वेगवेगळ्या वर्षांच्या मुलामुलींनी वेगवेगळ्या कीबोर्डांवर टाइप केलेली, त्यामुळे तिच्यात तिन्ही नांदत होते. संगणक चेहरा बघत नाही, आकडे बघतो. आकडे वेगळे, तर शब्द वेगळा.

पहिले दोन प्रकार एक करायची सोय तयार आहे. पायथनच्या 'युनिकोडडेटा'मधलं 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन एनएफसी या रूपात मजकूर आणतं आणि र-नुक्त्याचं ऱ करतं. तिसऱ्या प्रकाराला ते हात लावत नाही. आणि नेमका इथे एक सापळा आहे. शोध चालत नसेल तर 'सगळी अदृश्य चिन्हं काढून टाका' असा सल्ला सर्रास दिला जातो. इतर कित्येक भाषांना तो चालतही असेल. मराठीत तो जोडक काढला की र, पाय मोडायची खूण आणि य उरतात, आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातला माणूस समुद्रात! म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी र, खूण, जोडक ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि खूण ठेवायची, मग नॉर्मलाइझ, आणि सगळ्यात शेवटी उरलेले जोडक काढायचे.

'ॲ'ची तऱ्हा अशीच. आमच्या सभासदांच्या यादीत ॲग्नेस आणि ॲलन पुष्कळ. हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येतं, अ वर चंद्र देऊनही लिहिता येतं, आणि काही जण हिंदीच्या सवयीने ए वर चंद्र देतात. यांतलं काहीच नॉर्मलाइझ एक करत नाही. ते आपणच एका छोट्या तक्त्याने करायचं.

पण हे सगळं मूळ नोंदीवर करू नये, असं माझं ठाम मत आहे. नोंदीशेजारी एक वेगळा रकाना ठेवावा, मी त्याला शोधरूप म्हणते. शीर्षक जसं छापलंय तसं राहू द्यावं. बदल फक्त शोधरूपात, आणि चौकटीत टाइप केलेल्या शब्दालाही तेच बदल लावून मग तुलना. जुन्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव', 'गांव' असं छापलेलं असतं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून ते पुसायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शोधताना मात्र आजचा विद्यार्थी 'काही' असंच लिहिणार. शोधरूपातून सगळे अनुस्वार काढले तर 'कांहीं' सापडतं, पण 'संत' शोधणाऱ्याला 'सत'ही मिळतो. म्हणून आमच्या ॲपमध्ये आधी नेमके निकाल येतात, आणि अनुस्वार काढून सापडलेले खाली 'हेही बघा' म्हणून वेगळे. फादर स्टीफन्सचं पुराण 'ख्रिस्तपुराण' आणि 'क्रिस्तपुराण' अशा दोन्ही नावांनी नोंदलेलं आहे. तिथे कुठला नियम लावणार? दोन्ही नावं हाताने त्या रकान्यात लिहिली आणि मोकळी झाले.

क्रमाचंही थोडं. नुसतं 'सॉर्ट' म्हटलं की संगणक युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लावतो. तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलेला आहे, म्हणून यादी काल, काळ, काव्य अशी लागते. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर, तेव्हा काल, काव्य, काळ हवं. आयसीयू नावाच्या मुक्त लायब्ररीत मराठीचा क्रम दिलेला आहे. ती बसवणं जड वाटलं तर वर्णमाला क्रमाने लिहून प्रत्येक चिन्हाला आपणच आकडा द्यायचा. वीसेक ओळींचं काम आहे.

राहिली खिडकी गोठण्याची गोष्ट. डेस्कटॉप ॲपची खिडकी म्हणजे एकच कारकून: बटण दाबलेलं तोच बघतो, पडदा तोच रंगवतो. त्याला मोठी फाईल वाचायला बसवलं की तो मान वर करत नाही, आणि विंडोज सांगतं की प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. लांबलचक काम वेगळ्या थ्रेडकडे द्यायचं, पण त्या थ्रेडने खिडकीला हात लावायचा नाही; निकाल रांगेत ठेवायचा आणि खिडकीने 'आफ्टर' वापरून थोड्या थोड्या वेळाने रांग तपासायची. नाहीतर वैतागलेला माणूस ॲप मध्येच बंद करतो, आणि तेव्हा यादी लिहून होत असेल तर फाईल अर्धीच राहते. यासाठी यादी आधी तात्पुरत्या फाईलमध्ये पूर्ण लिहावी आणि मगच 'ओएस'मधल्या 'रिप्लेस' फंक्शनने जुनीच्या जागी ठेवावी. जुनी किंवा नवी, एक तरी यादी पूर्ण हातात राहते.

आता आमच्या यादीत 'दऱ्या' सापडतात. प्रश्नचिन्हांच्या सतरा नोंदी मात्र तशाच आहेत. त्यांतल्या अकरांची पुस्तकं क्रमांकावरून कपाटात मिळाली, ती हातात धरून पुन्हा टाइप केली. उरलेली सहा कपाटात नाहीत. कोणीतरी वाचायला नेली असतील. काय नेलं ते यादीलाही आठवत नाही. क्रमांक आहेत २१४, २१५, ३८०, ५०२, ७६१ आणि ९३३. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी मंडळाचा शिक्का असलेलं पुस्तक निघालं, तर आतल्या पानावरचा क्रमांक बघून शीर्षक कळवा. पुस्तक नंतर दिलंत तरी चालेल.