‘सहा महिन्यांनी नक्की वाढवू!’

कॅम्पसमधून पहिली नोकरी लागते तेव्हा एचआरवाले म्हणतात, ‘आत्ता एवढ्यावर जॉइन व्हा, सहा महिन्यांनी नक्की वाढवू.’ सहा महिने होतात. मग ‘एप्रिलमध्ये अप्रेझल आहे ना’, मग ‘यंदा बजेटच नाही’, मग ‘दिवाळीनंतर बघू’. तुम्ही मात्र रात्री नऊपर्यंत थांबताच, कारण बॉस चांगलाय! असेलही. पण तोंडी शब्दावर घरभाडं भागत नाही. म्हणून बोलणं झालं की त्याच दिवशी साधा मेल टाका : ‘आज ठरल्याप्रमाणे अमुक तारखेपासून पगार इतका.’ उत्तर आलंच नाही, तर तेच उत्तर समजा आणि शोधाला लागा.

फक्त रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. आधी नवं ऑफर लेटर हातात येऊ द्या, नोटीस पीरियड किती तेही बघा. रिलिव्हिंग लेटर मागून घ्या. पीएफ काढून नवा मोबाइल घ्यायचा मोह होईल (होतोच!), तो टाळा. नोकरी बदलली तरी यूएएन नंबर तोच राहतो, पैसे नव्या खात्यात वळवता येतात. नोकरीची सलग 5 वर्षं व्हायच्या आत काढले, तर सहसा त्यावर कर लागतो.

आणि राजीनामा दिल्यावर अचानक ‘थांब, वाढवतो’ म्हणाले तर? विचारा, ‘सर, मेल कधी करताय?’