रुईवरचा पिवळा मावा

‘कुंपणाशी उगवलेली रुई माव्याने लगडली आहे. वांगी-मिरचीवर यायच्या आत ती उपटून टाकू का?’ असं एका वाचकांनी विचारलं आहे. उपटू नका. काळ्या पायांचा हा पिवळाधमक मावा, म्हणजे एफिस नेरी, रुई, कण्हेर आणि त्यांच्या भाऊबंदांवरच संसार थाटतो. रुईचं विष अंगात साठवून तो भक्षकांना कडवट लागतो. वांग्यावर त्याचं बस्तान बसत नाही.

रुईचं नुकसान होतं, पण कोवळ्या शेंड्यापुरतं. शेंडा आखडतो, पानांवर चिकटा पडतो आणि चिकट्यावर काजळी धरते. हा चिकटा येतो कुठून? मावा रस ओढून पितो असं आपण समजतो. खरं तर अन्नरसाच्या नळीत मुळातच जबर दाब असतो. भरलेल्या टाकीच्या पाइपला सुईने भोक पाडावं, तसा रस आपसूक वर चढतो. केनेडी आणि मिटलर या संशोधकांनी 1953 साली हे फार झकास दाखवलं. विलोच्या झाडावर पीत बसलेल्या माव्याला त्यांनी गुंगी दिली आणि त्याची केसाहून बारीक सोंड खोडापाशीच कापली. मावा गेला, पण सोंडेच्या टोकातून रसाचे थेंब येतच राहिले! झाडाचा शुद्ध अन्नरस मिळवायला वनस्पतिशास्त्रज्ञ आजही हीच युक्ती वापरतात.

या रसात साखर भरपूर, अमिनो आम्लं मात्र नावापुरती. ती पुरेशी मिळवायची तर रस ढोसावा लागतो आणि जास्तीची साखर मागून टाकावी लागते. तोच चिकटा. मुंग्या उगाच तिथे घुटमळत नाहीत.

धोका आहे तो वेगळा. पंखवाला मावा भलत्याच झाडावर उतरतो, सोंड टोचून चव घेतो, नाही पटली की उडतो. मोझॅकसारखे कित्येक विषाणू पसरायला एवढं पुरतं. कीटकनाशकाचा परिणाम व्हायच्या आत काम झालेलं असतं. म्हणून फवारणीच्या जाहिरातींतले दावे जरा जपूनच ऐकावेत. शिवाय रुईवर फवारलंत, तर ढालकिडे आणि त्यांच्या अळ्याही मरतील. फवारण्याआधी भिंग घेऊन पाहा: फुगलेले, तपकिरी, पाठीला गोल भोक पडलेले मावे दिसले, तर गांधीलमाशीची एक चिमुकली नातलग त्यांना आतून खाऊन बाहेर पडली आहे.