हात पोहोचण्याआधी

माशी उडते पंखांनी, पण निसटते पायांनी. 2008 साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ग्विनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी ड्रोसोफिलाचं, म्हणजे पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटाचं, अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. काळी चकती अंगावर येताना दिसली, की उडण्याच्या सुमारे 200 मिलिसेकंद आधीपासूनच चिलट पवित्रा घ्यायला लागायचं. चकती समोरून आली तर मधले पाय पुढे आणि अंग मागे झुकलेलं. मागून आली तर पाय थोडे मागे. बाजूने आली तर पाय जिथल्या तिथे, अंग मात्र पलीकडे कललेलं. मग मधल्या दोन पायांनी जोर लावून उडी, नेमकी धोक्यापासून दूर.

हल्ला अगदीच जवळ आला, तर एवढीही उसंत नसते. तेव्हा चिलट पंख नीट उघडण्याआधीच उडी घेतं, हवेत कोलांट्या खातं आणि मग सावरतं. सावकाश पण नेमकं निघायचं की घाईत पण बेभरवशाचं, ही निवड क्षणार्धात होते. 2024 साली चिलटाच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 1,39,000 चेतापेशी आहेत. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे 8,600 कोटी असतात. इतक्या थोडक्या भांडवलात एवढा विचार चालतो, हे मला उड्डाणाहूनही थक्क करणारं वाटतं.

आपल्या घरातली माशी, मस्का डोमेस्टिका, चिलटाहून बरीच मोठी, पण तिचीही मदार नजरेवरच असते. तिच्या प्रत्येक डोळ्यात हजारो बारीक भिंगं असतात. त्यातून दिसणारं चित्र आपल्या मानाने फारच ढोबळ. तिचं बळ वेगात आहे. सेकंदाला साठेक वेळा लुकलुकणारा दिवा आपल्याला सलग पेटलेला भासतो, तर माशीला 200 वेळा लुकलुकणाराही लुकलुकतानाच दिसतो. आपला झपकन आलेला हात तिच्या दृष्टीने बराच रेंगाळत येतो. हा वेग येतो कुठून? केंब्रिज विद्यापीठातल्या रॉजर हार्डी आणि क्रिस्तियान फ्रान्झे यांनी 2012 साली चिलटाच्या बाबतीत दाखवून दिलं, की उजेड पडताच त्याच्या डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशी प्रत्यक्ष आकुंचन पावतात आणि त्या ओढीनेही पेशीतली विजेची दारं उघडतात.

माशीला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी गदेसारखे दोन इवलेसे दांडे असतात. ते पंखांच्याच गतीने, पण उलट्या दिशेने हलतात. 1714 साली विल्यम डेरहॅम या इंग्रज धर्मगुरूने हे दांडे काढून पाहिले, तेव्हा माशीला धड उडता येईना. अंग जरा वळलं, की या हलत्या दांड्यांच्या मुळाशी ताण बसतो आणि तो तिथल्या संवेदकांना कळतो. डोळ्यांनी पाहून तोल सावरण्यापेक्षा हे कितीतरी झटपट होतं. उडताना ऐन वळणावरही माशी डळमळत नाही, ती यामुळे.

बसल्या जागीही तिचे पाय कामातच असतात. पायांवरच्या केसांना गोडाची चव कळते. साखरेवर पाय पडला की सोंड आपोआप खाली येते. माशीला चावता येत नाही, म्हणून घट्ट अन्नावर ती लाळ आणि पोटातला रस सोडते, ते विरघळवते आणि मग शोषून घेते. तिची खरी घाण इथे आहे. उकिरड्यावरचे जंतू तिच्या केसाळ पायांबरोबर येतात आणि त्या ओकलेल्या थेंबांतूनही आपल्या ताटात उतरतात. पायावर पाय घासत ती आपले संवेदक साफ करते. त्या सफाईने आपलं ताट मात्र स्वच्छ राहत नाही.

अशा जिवाला हाताने मारू पाहणं म्हणजे तो सर्वांत सज्ज असतो तिथेच त्याला गाठणं. माशी अगतिक असते ती अळीच्या रूपात. मादी शेणात, कोंबडीखतात, कुजक्या ओल्या कचऱ्यात एका वेळी शंभरेक अंडी घालते. उन्हाळ्यात ती एका दिवसात फुटतात. बिनपायांची, बिनडोळ्यांची पांढरी अळी चार-पाच दिवस नुसती खाते. उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कोषातून निघाल्यावर ती वाढत नाही. घरात दिसणारी लहान माशी हे माशीचं पिल्लू नसतं.

म्हणजे ओला कचरा आठवड्यातून दोनदा हलवला, तर बहुतेक अळ्यांना कोषात जायला वेळच मिळत नाही. शेणखताचा ढीग तापू दिला, तर आतल्या उष्णतेत त्या जगत नाहीत. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पोट भरलेली अळी ओलावा सोडून कोरड्या जागेकडे सरपटत जाते आणि ढिगाच्या कडेच्या मातीत कोष करते. गोठ्याच्या मागचा ढीग उपसून त्याच्या काठची भुसभुशीत माती तशीच ठेवली, तर तिथून आठवडाभरात पुन्हा माश्या उठतात.