जुना मायक्रोबिट चालेल का? बोर्ड सपोर्ट पॅकेजची गोष्ट

मंडळाच्या रविवारच्या वर्गात आम्ही दोघे-तिघे निवृत्त मंडळी मुलांना मायक्रोबिट नावाच्या छोट्या बोर्डावर रस्ट भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकवतो, हे बहुतेक सभासदांना माहीत आहे. गेल्या काही आठवड्यांत दोन-तीन पालकांनी एकच प्रश्न विचारला. थोरल्याचा जुना बोर्ड घरात पडून आहे, तो धाकटीला दिला तर चालेल की नवा घ्यावा? एका घरी धाकटीने वर्गातला प्रोग्रॅम जुन्या बोर्डावर चढवून पाहिला, तो चालला नाही, आणि बोर्ड बिघडला असे समजून तो रद्दीबरोबर जाणार होता. बोर्ड ठणठणीत होता. तो का चालला नाही आणि कसा चालवता येतो, हे सांगायचे तर मधल्या एका गोष्टीची ओळख करून द्यावी लागेल. तिला बोर्ड सपोर्ट पॅकेज म्हणतात. लघुरूप बीएसपी, पण आपल्याकडे त्या अक्षरांनी निवडणुकाच आठवतात, म्हणून आम्ही नुसते ‘पॅकेज’ म्हणू.

आधी बोर्डाविषयी. बीबीसीने २०१६ साली ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांना हा बोर्ड फुकट वाटला, सुमारे १० लाख. त्यावर २५ लाल दिवे, दोन बटणे, हालचाल आणि दिशा ओळखणारे सेन्सर. आतला मायक्रोकंट्रोलर नॉर्डिक या नॉर्वेच्या कंपनीचा, एनआरएफ ५१८२२. वेग १६ मेगाहर्ट्झ, स्मरणशक्ती १६ किलोबाइट. २०२०च्या अखेरीस दुसरी आवृत्ती आली. तिच्यात एनआरएफ ५२८३३, वेग ६४ मेगाहर्ट्झ, स्मरणशक्ती १२८ किलोबाइट, शिवाय मायक्रोफोन, स्पीकर आणि बोटाचा स्पर्श ओळखणारे बोधचिन्ह. समोरून पाहिले तर दोन्ही बोर्ड सख्खे भाऊ. दिवे तितकेच, बटणे त्याच जागी.

आत मात्र बरेच बदलले आहे. ‘ए’ बटण जुन्या बोर्डावर मायक्रोकंट्रोलरच्या १७ क्रमांकाच्या पिनला जोडलेले आहे, नव्यावर १४ क्रमांकाच्या. ‘बी’ बटण जुन्यावर २६ वर, नव्यावर २३ वर. आणि नव्या बोर्डावर २६ क्रमांकाची पिन रिकामी नाही. तिथे बाहेरची उपकरणे जोडायच्या तारांपैकी एक आली आहे. म्हणजे कुणी जुन्या सवयीने ‘२६ क्रमांकाची पिन वाच’ असे लिहिले, तर प्रोग्रॅम बटणाऐवजी भलत्याच तारेकडे पाहत बसेल. बटण दाबून दाबून मूल कंटाळेल आणि चूक कुठे आहे ते कुणाला कळणार नाही.

दिव्यांचे तर आणखी गमतीचे आहे. २५ दिव्यांना २५ पिना देणे परवडत नाही, म्हणून ते ओळी आणि स्तंभ अशा जाळीत जोडतात आणि एकेक ओळ इतक्या झपाट्याने लावतात-विझवतात की डोळ्याला सगळे एकदम पेटलेले दिसते. नव्या बोर्डावर ५ ओळी आणि ५ स्तंभ आहेत, म्हणजे डोळ्याला दिसते तसेच. जुन्यावर मात्र ३ ओळी आणि ९ स्तंभ आहेत. तीन नव्वे सत्तावीस, त्यातल्या दोन जागा रिकाम्या. दिसायला पाच बाय पाच आणि वायरिंग तीन बाय नऊ! मधल्या ओळीतला दुसरा दिवा लावायचा तर कोणती ओळ आणि कोणता स्तंभ, हे तक्ता पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आमच्यापैकी ज्यांनी बँकेत हाताने लिहायच्या लेजरच्या काळात नोकरी केली, त्यांना हे ओळखीचे वाटेल. लेजर भरले की खाते नव्या पानावर जायचे, फोलिओ क्रमांक बदलायचा. खातेदाराला त्याचे काही नसे. तो नाव सांगायचा, आम्ही इंडेक्स उघडून आजचा फोलिओ शोधायचो. पॅकेजचे पहिले काम तेच. मुलाने ‘बटण ए’ म्हणायचे; ते आज १७ वर आहे की १४ वर, हे पॅकेजने पाहायचे. मुलाने पाच बाय पाच चौकटीत हृदयाचे चित्र द्यायचे. तीन बाय नऊचा हिशेब पॅकेजने करायचा.

रस्टच्या जगात हे काम थराथराने केलेले आहे. सगळ्यात खाली मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या नोंदवह्यांचे, म्हणजे रजिस्टरांचे वर्णन. चिप बनवणारी कंपनी त्यांची एक यादी ठराविक नमुन्यात प्रसिद्ध करते आणि तिच्यावरून एक साधन रस्टचा मजकूर आपोआप तयार करते. त्याच्यावर चिपपुरता थर: पिन वर कर, खाली कर, घड्याळ लाव. तो माणसांनी लिहिलेला असतो. त्याच्यावर आपले पॅकेज, जे त्या एका बोर्डापुरते. आणि बाजूला ‘एम्बेडेड हाल’ नावाचा करारनामा. त्यात काम असे फारसे नाही, फक्त अटी आहेत: आउटपुट पिन म्हणजे जिला वर आणि खाली करता येते ती, इनपुट पिन म्हणजे जिची स्थिती वाचता येते ती. सेन्सरचा ड्रायव्हर लिहिणारा या अटींवर विसंबून लिहितो, त्यामुळे तो ड्रायव्हर त्या अटी पाळणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या चिपवर चालतो.

मायक्रोबिटसाठी पॅकेज लिहिणाऱ्यांनी नवा बोर्ड आल्यावर काय केले, ते आम्हाला फार आवडले. त्यांनी जुने टाकून नवे लिहिले नाही. दोन्ही बोर्डांना समान असलेला भाग एकाच ठिकाणी ठेवला, फरक तेवढे वेगळे काढले आणि त्यातून दोन पॅकेजे प्रसिद्ध केली: जुन्या बोर्डासाठी ‘मायक्रोबिट’, नव्यासाठी ‘मायक्रोबिट व्ही२’. दोन्हींत बटणांची नावे तीच आणि चित्र दाखवण्याची पद्धत तीच. मुलाच्या बेरीज-वजाबाकीच्या खेळात पॅकेजचे नाव आणि कोणत्या प्रोसेसरसाठी कंपाइल करायचे ते सांगणारी सेटिंग बदलली की खेळ जुन्या बोर्डावर चालतो. त्या धाकटीच्या बोर्डाचे दुखणे एवढेच होते. नव्याचा प्रोग्रॅम जुन्यावर चढवला होता.

स्पीकरचे काय? जुन्या बोर्डावर स्पीकर नाही. इथे दोन मार्ग होते. जुन्या पॅकेजमध्ये खोटा स्पीकर ठेवायचा, जो मागितला तर मिळेल पण आवाज काढणार नाही. म्हणजे प्रोग्रॅम निदान कंपाइल तरी होईल. किंवा स्पीकर ठेवायचाच नाही. लेखकांनी दुसरा मार्ग घेतला. स्पीकर वापरणारा प्रोग्रॅम जुन्या बोर्डासाठी कंपाइल करायला गेलो की कंपायलर तिथेच थांबतो आणि असा भाग या बोर्डावर नाही असे सांगतो. मुलांना याचा राग येतो. पण टेबलावर आलेली चूक अर्ध्या मिनिटात कळते, आणि बोर्डावर गप्प बसलेली चूक शोधण्यात आमच्या एका रविवारची पूर्ण संध्याकाळ गेली आहे.

रस्टची आणखी एक शिस्त पॅकेजमध्ये उतरली आहे. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला बोर्ड ‘घ्यावा’ लागतो आणि तो एकदाच मिळतो. दुसऱ्यांदा मागितला तर ‘काही नाही’ असे उत्तर येते. हातात आलेल्या बोर्डातून बटणे एका भागाला, दिवे दुसऱ्या भागाला द्यायचे; दिलेली वस्तू आपल्याकडे उरत नाही. कॅशियरने तिजोरीच्या किल्ल्यांचा चार्ज दिला, रजिस्टरवर सही झाली, की त्या क्षणापासून किल्ली त्याची नाही. त्यामुळे प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच पिनला नकळत वेगवेगळे हुकूम देत आहेत, असे सहसा होऊ शकत नाही. सी भाषेत हे सांभाळणे लिहिणाऱ्याच्या काळजीवर असते.

आता जो बदल सगळ्यांना जाचला त्याविषयी. करारनाम्याची ०.२ ही आवृत्ती २०१८ पासून चालत होती. जानेवारी २०२४ मध्ये १.० आली. त्यात बरीच कलमे बदलली. काही विषय मूळ करारातून काढले, ॲनालॉग मोजणी आणि टायमर त्यांतले. काही स्वतंत्र करारांत गेले. एक बदल अगदी बारीक दिसतो: आधी बटणाची स्थिती वाचायला नुसते पाहण्याची परवानगी पुरत असे, आता बदलण्याची परवानगी लागते. पाहायला बदलायची परवानगी कशाला, असे आम्हालाही वाटले. पण काही पिना बाहेरच्या दुसऱ्या चिपवर असतात आणि त्यांची स्थिती विचारायला त्या चिपशी निरोपांची देवघेव करावी लागते; त्या वेळी ती तार दुसऱ्या कुणी वापरून चालत नाही. कारण पटले. जाच मात्र कमी झाला नाही, कारण रस्टमध्ये जुना करार मानणारी वस्तू आणि नवा करार मागणारा ड्रायव्हर एकमेकांना ओळखत नाहीत, दोघांचे नाव एकच असले तरी. चिपचा थर बदलला की पॅकेज बदलावे लागते, पॅकेज बदलले की मुलांचा प्रोग्रॅम, आणि मध्येच एखादा ड्रायव्हर जुन्यावर राहिला की सगळी रांग अडते. बँकांची विलीनीकरणे झाली तेव्हा आयएफएससी बदलले आणि खात्यात पैसे असून हप्ते परत गेले, तसलाच प्रकार.

अशा बदलाची नोटीस आवृत्तीच्या क्रमांकातून मिळते. रस्टचे कार्गो हे साधन क्रमांकातला डावीकडून पहिला शून्येतर आकडा पाहते. तो बदलला तर जुने मोडू शकते असे समजून कार्गो आपणहून तिकडे जात नाही. समजा पॅकेज ०.१४ वरून ०.१५ वर गेले, तर तो मोठा बदल. ०.१४.० वरून ०.१४.१ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ही नोटीस आम्ही मागच्या वर्षी वाचलीच नाही. वर्गाच्या फाईलमध्ये आवृत्तीच्या जागी तारांकन घातले होते, म्हणजे ‘मिळेल ती चालेल’, आणि नव्या संगणकावर फायली नेताना ‘कार्गो लॉक’ ही फाईल निरुपयोगी समजून वगळली. तिच्यात प्रत्येक वस्तूची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते. कंपाइल केले आणि पडदाभर चुका आल्या. वर्गात अकरा मुले बसलेली. चूक सर्वस्वी आमची. दुसऱ्या दिवशी जुन्या संगणकातून ती फाईल आणून ठेवली आणि सगळे पूर्ववत चालले, कारण सार्वजनिक भांडारात एकदा ठेवलेली आवृत्ती सहसा नाहीशी होत नाही.

तेव्हा आता वर्गाचा नियम असा. लॉक फाईल प्रत्येक प्रकल्पासोबत राहील. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुट्टीत, आम्ही आधी स्वतः दोन्ही बोर्डांवर सगळे खेळ नव्या आवृत्त्यांवर चालवून पाहू, मगच मुलांच्या फायली बदलू. जुन्या बोर्डाच्या मुलांना स्पीकर आणि मायक्रोफोनचे दोन धडे करता येणार नाहीत. त्याऐवजी त्यांना कडेच्या पिनांना बाहेरून बझर जोडायला शिकवू, आणि खरे सांगायचे तर तो धडा अधिक चांगला आहे. इंटरनेटवर पाहून घरी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: ‘मायक्रोबिट बीएसपी’ नावाचे एक वेगळे पॅकेजही आहे. ते एम्बसी नावाच्या निराळ्या चौकटीवर उभे आहे आणि नव्या बोर्डासाठी आहे. चांगले आहे, पण त्यातला मजकूर आमच्या धड्यांत तसाच चिकटवला तर बसणार नाही.

घरातला बोर्ड कोणता ते ओळखणे सोपे आहे. खालच्या सोनेरी पट्टीची कड सरळ असेल तर जुना, मोठ्या पिनांपाशी खाचा असतील तर नवा. नव्याच्या पाठीमागे स्पीकरची काळी चौकोनी डबीही दिसते. बोर्ड रविवारी येताना आणावा, आम्ही त्यावर चिठ्ठी लावून देऊ. सोबत मायक्रो यूएसबी केबल हवी, दोन्ही बोर्डांना तीच लागते. नुसत्या चार्जिंगची केबल चालत नाही. तिने दिवा लागतो, पण प्रोग्रॅम जात नाही.